सासऱ्यांचं मृत्युपत्र: दादरच्या वकीलबाई, फी जास्त पण सह्या पक्क्या

पाचपैकी चार स्टार, एक कशाचा कापला ते खाली.

अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मृत्युपत्र करायचं घरात कधीपासून घोळत होतं. त्यात ओळखीचा एक एजंट म्हणाला, टायपिंग आम्ही करतो, साक्षीदार पण आमच्याकडचेच, तुम्ही फक्त आजोबांची सही घेऊन या. ह्यांना ते स्वस्तात पडेल म्हणून आवडलं, मी अडून बसले, म्हणजे ज्यांनी अण्णांना कधी बघितलं पण नाही ते साक्षीदार?? मग ह्या बाईंना फोन केला, घरी येऊन करून देतात.

फोनवरच त्यांनी सांगून टाकलं की मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, साधा कागद चालतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३, त्यात हवंय ते असं की करणाऱ्याने सही करायची, निदान दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना बघायचं किंवा ही सही माझीच असं त्याने त्यांना सांगायचं, आणि मग त्याच्यासमोर त्यांनी आपली सही करायची. ऐकायला सोपं आहे पण भांडणं लागतात ती इथेच.

साक्षीदार कोण यावर तर आमची उलटतपासणीच झाली. ह्यांनी पटकन धाकट्या दिरांचं नाव घेतलं, बाई सरळ नाही म्हणाल्या. ज्याला यातून काही मिळणार तो नको, त्याची बायको पण नको, उगाच संशयाला जागा. मग शेजारचे काका सुचवले तर पहिला प्रश्न, वय काय त्यांचं? कारण उद्या वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, आणि ऐंशीच्या माणसाला ऐंशीचाच साक्षीदार घेऊन काय करणार. शेवटी फॅमिली डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा बँकेतला मुलगा ठरले. अण्णा समजून उमजून सही करतायत असा त्याच तारखेचा दाखला डॉक्टरांनी लेटरहेडवर दिला, ती आयडिया पण बाईंचीच. साक्षीदारांना मजकूर वाचायला द्यावा लागत नाही हे कळल्यावर अण्णांचा जीव भांड्यात पडला, सोसायटीत कोणाला किती दिलं याची चर्चा त्यांना नको होती.

सह्यांच्या वेळी बाई खऱ्या दिसल्या. आम्हा घरच्यांना बाहेर हॉलमध्ये बसवलं, दार उघडंच. दोन्ही खुर्च्या अशा ओढून घेतल्या की अण्णांच्या पेनचं टोक दोघांना दिसलं पाहिजे. बँकवाला मोबाइल बघत होता तर बाई थांबल्याच, "फोन खिशात ठेवा, तुम्हाला बघायलाच बोलावलंय." अण्णांचा हात थरथरतो, ह्यांना राहवेना, मनगट धरायला आत गेले तर त्यांना परत पाठवलं, वाकडी आली तरी चालेल पण सही त्यांची त्यांनीच करायची. प्रत्येक पानावर सही, मजकूर संपला तिथे लगेच खाली शेवटची, उरलेल्या जागेवर तिरकी रेघ. त्याआधी वाचून दाखवताना कोकणातल्या जमिनीचा गट नंबर चुकलाय हे अण्णांनीच पकडलं. पेनने दुरुस्त केलं तर चालतं, पण सही झाल्यावर खाडाखोड केली तर तिच्या बाजूला अण्णांची आणि दोन्ही साक्षीदारांची परत सही लागते, त्यापेक्षा पानच नवीन काढू म्हणाल्या आणि बॅगेतून छोटा प्रिंटर काढला की हो! तिथे मी फॅन झाले.

आता कापलेला स्टार. रजिस्टर करायचं तर दुय्यम निबंधक कार्यालयात अण्णांना आणि साक्षीदारांना परत जमवावं लागणार हे आधी बोलल्या नाहीत, आता दवाखाना सोडून डॉक्टर कुठून आणायचे? तब्येतीमुळे जाता येत नसेल तर अर्ज करून निबंधकांना घरी बोलावता येतं, कायद्यात तशी सोय आहे, ते पण आम्ही खोदून विचारल्यावर कळलं. आणि बिल म्हणजे मसुद्याचे वेगळे, घरी यायचे वेगळे, प्रिंटचे पण वेगळे, एकदाच आकडा सांगा ना बाई.

बोलावणार असाल तर सकाळची वेळ मागा, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि साक्षीदार ताटकळतात.