नवख्या अग्निशामकासाठी आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यासाठी बी.एल.एस. अभ्यासक्रम: एक परीक्षण

अग्निशमन दलात किंवा रुग्णवाहिकेवर नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय द्यावे, असे मला कोणी विचारले, तर गणवेश आणि ओळखपत्र यांच्याही आधी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ‘बेसिक लाइफ सपोर्ट’ (प्राथमिक जीवरक्षण), म्हणजेच बी.एल.एस. अभ्यासक्रमातील एक जागा द्यावी, असे मी सांगेन. रुग्णवाहिका सेवेत डॉक्टर म्हणून काम करताना मी हा अभ्यासक्रम स्वतः केला आहे, मुदत संपल्यावर पुन्हा केला आहे आणि नव्या सहकाऱ्यांना तो करण्याचा आग्रह धरला आहे. त्यामुळे ‘हृदय बंद पडल्यावर काय करावे हे येथे शिकायला मिळते का’, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित नाही. नवख्या माणसाला या कामात सामावून घेण्यासाठी हा अभ्यासक्रम किती उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा पडतो, हे मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

अभ्यासक्रम साधारण अर्ध्या दिवसाचा असतो. चित्रफीत पाहायची, लगेच मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या मानवी पुतळ्यावर, तेच करायचे, प्रशिक्षकाने चूक दाखवायची आणि पुन्हा करायचे, असा त्याचा क्रम आहे. शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आणि २५ प्रश्नांची लेखी परीक्षा होते. लेखी परीक्षेत ८४ टक्के गुण आवश्यक असतात. मिळणारे कार्ड दोन वर्षे चालते. शुल्क केंद्रागणिक बदलते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे. एका मॅनिकिनमागे जास्तीत जास्त तीन विद्यार्थी असावेत, अशी अपेक्षा आहे. गर्दी कोंबणारे केंद्र कितीही स्वस्त असले, तरी तेथे नवख्याला पाठवू नये, कारण या अभ्यासक्रमाचे सारे मोल हाताला मिळणाऱ्या सरावात आहे.

जे शिकवले जाते, ते थोडके आणि नेमके असते. प्रतिसाद न देणाऱ्या माणसाचा श्वास आणि नाडी एकाच वेळी, दहा सेकंदांच्या आत तपासायची. नाडी लागत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढ व्यक्तीत किमान पाच सेंटीमीटर खोल, पण सहाच्या पुढे न जाता दाब द्यायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाबांनंतर दोन श्वास द्यायचे, दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा आणि मधला खंड दहा सेकंदांपेक्षा कमी ठेवायचा. मदत न मिळाल्यास प्रत्येक मिनिटागणिक माणूस वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते, हे वर्गात ऐकले की वरचा प्रत्येक आकडा का काटेकोर आहे, ते नवख्याला आपोआप उमगते. शेवटच्या क्षणी येणारी अधूनमधूनची आचके दिल्यासारखी धाप म्हणजे श्वास नव्हे, हा धडा तर मी सर्वांत मोलाचा मानते. नातेवाईक ‘श्वास चालू आहे’ असे ओरडून सांगत असताना त्यांच्यावर विसंबून थांबायचे नाही, हे धैर्य नवख्याला याच ज्ञानातून मिळते.

२०१९ पासून या अभ्यासक्रमात दाबाची खोली आणि गती तेथल्या तेथे दाखवणारे उपकरण सक्तीचे झाले, आणि माझ्या मते अलीकडच्या काळातील ही सर्वांत चांगली सुधारणा आहे. पूर्वी दाब बरोबर आहे की नाही, हे प्रशिक्षकाच्या नजरेवर ठरे. आता ते उपकरण सांगते आणि ते हुद्दा पाहत नाही. बरीच वर्षे सेवा झालेल्या तांडेलाच्या (फायरमनच्या वरचा हुद्दा) दाबाची खोली कमी पडते आणि काल भरती झालेल्या फायरमनची बरोबर येते, असे वर्गात सर्वांसमोर दिसते. त्यात कोणाचाही अपमान नसतो, आणि नवख्या माणसाला आपणही येथे उपयोगाचे आहोत, याची पहिली खात्री त्या पडद्यावर मिळते.

याहूनही महत्त्वाचा आहे तो गटाने काम करण्याचा भाग. दाब कोण देणार, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोण धरणार, ए.ई.डी. (हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र) कोण जोडणार, वेळ कोण मोजणार आणि सूत्रे कोणाकडे राहणार, हे आधी ठरते. सूचना नाव घेऊन दिली जाते, ऐकणारा ती मोठ्याने परत म्हणतो आणि काम झाल्यावर झाल्याचे सांगतो. यातील एक नियम आपल्याकडच्या कामाच्या पद्धतीला चांगलाच अवघड जातो: गटातील कोणालाही चूक दिसली, तर त्याने ती तत्काळ आणि आदराने बोलून दाखवली पाहिजे, मग चुकणारा कितीही वरिष्ठ असो. आपल्या दलांत वरिष्ठांचा मान राखणे हा शिस्तीचा पाया आहे आणि आगीच्या जागी तो असलाच पाहिजे, कारण तेथे प्रत्येकाने आपल्या मनाने चालायचे म्हटले तर जीव जातील. तथापि, ‘साहेब, दाब उथळ पडताहेत, मी घेऊ का?’ हे वाक्य नवा मुलगा जर वर्गात मोठ्याने म्हणून पाहील, तरच ते त्याच्या तोंडून घटनास्थळी निघेल. म्हणून केंद्र अधिकारी, तांडेल, यंत्रचालक आणि नवे फायरमन यांनी हा अभ्यासक्रम एकाच तुकडीत करावा, असे मी आग्रहाने सुचवते. वरिष्ठांनी वेगळी तुकडी मागितली, तर अभ्यासक्रमाचा अर्धा लाभ तेथेच संपतो.

या सगळ्याच्या मुळाशी नवख्यांवर टाकलेल्या विश्वासाची एक जुनी हकीकत आहे, ती येथे सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६० च्या दशकात आजारी माणसांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून, उपचारांविना रुग्णालयात नेले जाई. १९६७ मध्ये तेथील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आधुनिक पुनरुज्जीवन उपचारांचे एक जनक मानले जाणारे डॉ. पीटर सफर यांची साथ असलेल्या या सेवेसाठी त्याच वस्तीतील माणसे घेतली गेली. त्यांपैकी अनेकांच्या हाताला काम नव्हते आणि शहराने त्यांना कामाला अयोग्य ठरवले होते. सफर यांनी त्यांना तीनशे तासांच्या आसपासचे सखोल प्रशिक्षण दिले, आणि त्या काळातील रुग्णवाहिका सेवेचा सर्वोत्तम नमुना याच माणसांनी उभा केला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाउस बंद केले आणि त्यातील अनुभवी माणसांपैकी अनेकांना पुढे डावलले. शिकवण्याची दारे उघडणे आणि शिकलेल्याला टिकवून ठेवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. आपल्या सेवांनी दुसरीचाही विचार केला पाहिजे.

आता उणिवांकडे वळते. पहिली उणीव भाषेची. मी पाहिलेल्या केंद्रांत चित्रफीत आणि प्रश्नपत्रिका दोन्ही इंग्रजीत होत्या. डॉक्टरांना त्याची अडचण वाटत नाही, पण दहावी-बारावीनंतर शारीरिक चाचणीतून निवडल्या गेलेल्या फायरमनला किंवा रुग्णवाहिकेच्या चालकाला प्रात्यक्षिक उत्तम जमूनही लेखी परीक्षेत घाम फुटतो. चांगला प्रशिक्षक चित्रफीत थांबवून मराठीत समजावतो, प्रश्नाचा अर्थ सांगतो. एका केंद्रात मात्र असे करण्यास नकार मिळाला आणि हातांनी सर्वांत सुंदर दाब देणारा मुलगा मान खाली घालून बसलेला मी पाहिला. केंद्र निवडताना ‘प्रशिक्षक मराठीत शिकवतात का’ हा प्रश्न शुल्काच्याही आधी विचारावा.

दुसरी उणीव जागेची आहे. वर्गात मॅनिकिन मोकळ्या, सपाट जमिनीवर असतो आणि मदतीला पुरेशी माणसे असतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकेत एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात, एवढेच मनुष्यबळ असते. गाडी निघाली की मागे डॉक्टर एकटाच उरतो. चाळीचा अरुंद जिना, खचाखच भरलेली खोली, बंद पडलेली लिफ्ट, रुग्णाला सोडायला तयार नसलेली आई, यांतील काहीही चित्रफितीत नाही. चालत्या गाडीत दाबांचा दर्जा घसरतो, म्हणून शक्य तेथे जागेवरच चांगले दाब द्यावेत, की जमाव वाढत असल्याने निघावे, हा निर्णय तर कोणताही वर्ग शिकवू शकत नाही. तो जुन्या सहकाऱ्यानेच शिकवावा लागतो. पायलटने हा अभ्यासक्रम करावा की नाही, यावर अजूनही चर्चा होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. घटनास्थळी डॉक्टरच्या शेजारी गुडघे टेकणारा दुसरा माणूस तोच असतो.

आपल्या भूमीवरचे काही प्रसंग अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीत, पण त्यांसाठी लागणारे कौशल्य मात्र आहे, हे नवख्याला कोणीतरी जोडून दाखवले पाहिजे. मण्यार चावल्यावर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. त्या वेळी हृदय चालू असते आणि रुग्ण केवळ श्वासाअभावी जातो. प्रतिविष आणि रुग्णालय मिळेपर्यंत प्रौढ रुग्णाला दर सहा सेकंदांनी एक श्वास अंबू बॅगेने देत राहणे, एवढ्या एका गोष्टीवर त्याचा जीव टिकू शकतो, आणि हे कौशल्य बी.एल.एस. मध्ये नीट शिकवले जाते. बुडालेल्या माणसाबाबतही तेच. त्याचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते, म्हणून नुसते दाब पुरत नाहीत, श्वास द्यावेच लागतात. विहिरी, तलाव आणि गणेश विसर्जनाचे घाट सांभाळणाऱ्या अग्निशमन जवानांनी हा भाग अधिक वेळ घेऊन करावा. भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य नागरिकांसाठी ‘कोल्स’ ही केवळ दाबांवर आधारलेली सोपी पद्धत तयार झाली आहे आणि सोसायट्या, शाळा, कार्यालये यांच्यासाठी ती मला अधिक योग्य वाटते. मात्र ज्याचे कामच वर्दी (मदतीची हाक) आली की धावून जाण्याचे आहे, त्याने श्वास देण्याचे कौशल्य सोडून चालणार नाही.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. अभ्यासक्रम संपतो तेव्हा नवख्याच्या मनात आशा भरलेली असते, आणि ती असावीच. परंतु रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी अमेरिकेतही दहांत सुमारे एकच वाचतो. आपला पहिला रुग्ण बहुधा वाचणार नाही आणि ते आपल्या हातांचे अपयश असेलच असे नाही, हे नवख्याला कोणी पहिल्याच दिवशी सांगत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा प्रसंगानंतर मदत करणाऱ्यांशी, त्यांत रुग्णवाहिका कर्मचारीही आले, बोलणे व्हावे आणि गरज असल्यास त्यांना मानसिक आधार मिळावा, असे सुचवले आहे. वर्गात त्याचा उल्लेख झरकन होऊन जातो. ही उणीव केंद्रांनी भरून काढायला हवी. घटनेनंतर गाडी धुताना, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलताना वरिष्ठाने पाच मिनिटे थांबून ‘काय नीट झाले, काय राहिले, तू कसा आहेस’, एवढे विचारले तरी पुष्कळ होते.

या बाबतीत अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांच्यात मला मोठे अंतर दिसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. दरवर्षी त्या दिवशी त्यांना मानवंदना दिली जाते आणि देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. नवा फायरमन त्या संचलनात उभा राहतो, तेव्हा आपण कोणाच्या मागे आलो आहोत, हे त्याला कळते. रुग्णवाहिकेवरच्या नवख्याला असे स्मारक नाही, संचलन नाही, बहुधा एकत्र बसण्याची खोलीही नाही. इतर गाड्यांवरचे सहकारी त्याला भेटतात ते रुग्णालयाच्या आवारात, घाईत. बी.एल.एस. चा वर्ग हीच त्यांच्यापैकी अनेकांसाठी एकमेकांना ओळखण्याची पहिली जागा ठरते, म्हणून चहाच्या सुट्टीत प्रशिक्षकाने घाई करू नये, अशी माझी विनंती आहे.

ज्यांना नवख्यांसाठी हा अभ्यासक्रम घ्यायचा आहे, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, कार्डाची मुदत दोन वर्षे असली तरी हाताची सवय काही महिन्यांतच ओसरते, म्हणून केंद्रात स्वतःचा एक मॅनिकिन ठेवून पाळी बदलताना दोन मिनिटांचा सराव करावा. दुसरे, ऑक्टोबर २०२५ मध्ये असोसिएशनची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आहेत. घशात काही अडकलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या प्रौढाला आता आधी पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच झटके द्यायचे आहेत. अर्भकाच्या छातीवर दोन बोटांनी दाब देण्याची पद्धत वगळली असून एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग किंवा दोन्ही अंगठे वापरायचे आहेत. ज्यांचे कार्ड त्याआधीचे आहे, त्यांनी मुदत संपण्याची वाट पाहू नये आणि हे दोन भाग पुन्हा मॅनिकिनवर करून घ्यावेत. नवख्याला शिकवणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांनी तर ते त्याच्याही आधी करावेत.