जुन्या जीपचा हँडब्रेक: ड्रम ठेवावा की डिस्क लावावी?

आमचं घर वाईला, आणि घरापुढचा रस्ता उताराचा. त्यामुळे जीपच्या सीटमागे एक काळा दगड कायमचा मुक्कामाला असायचा. गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, खाली उतरायचं आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा. उंच बॉनेटची सीजे-३बी ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा विधी समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं, महिंद्राने पुढे कित्येक वर्षं ते आपल्याकडे बनवलं. माझ्या ओळखीत ज्यांच्याकडे ती आहे, त्यातल्या निम्म्या लोकांच्या सीटमागे असाच एखादा दगड सापडेल.

हँडब्रेकला कंटाळलेला माणूस शेवटी दोन वाटांपाशी येऊन उभा राहतो. मूळचा ड्रम नीट करून घ्यायचा, की तो काढून त्या जागी डिस्कचं किट बसवायचं. मी दोन्ही करून पाहिलं. एक पावसाळा डिस्कवर काढला आणि आता पुन्हा ड्रमवर आहे, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. तरी डिस्कची बाजू शक्य तितकी न्यायाने मांडतो.

एक गोष्ट आधी. आपल्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या मागे, जिथे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतो, तिथे तो असतो. चाक एकदा फिरतं तेवढ्यात हा शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. म्हणून एवढासा ड्रम अख्खी गाडी धरू शकतो. त्याची पकड चाकापर्यंत जाताना तितक्याच पटीने वाढते. या आकड्याला दुसरीही बाजू आहे. माझा निर्णय तिच्यामुळेच झाला, पण ते ओघाने येईल.

ड्रमचं दुखणं एकच, तेल. ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीतून, ते झिरपतं, ड्रममध्ये उतरतं आणि लायनर (ड्रमला आतून घासून धरणारे पट्टे) चोपडे करून टाकतं. मग तुम्ही ती छत्रीच्या दांड्यासारखी मूठ छातीपर्यंत ओढा, गाडी आपली शांतपणे उताराला लागते. मी तीनदा सील बदलली. लायनर पेट्रोलने धुतले, एकदा जाळूनही पाहिले. चार दिवस बरे चालतात, पाचव्या दिवशी आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. तेल प्यायलेला लायनर बदलणं हाच उपाय, पण तेल थांबल्याशिवाय नवा लायनर घालणं म्हणजे पैसे गटारात.

तिसरी सील गळाली तेव्हा मी चिडून डिस्कचं किट मागवलं. मेस्त्री म्हणाले, "दादा, डिस्क काय तेल पीत नाही होय?" मी दुर्लक्ष केलं.

किट बसलं छान. पकडही, खोटं कशाला बोलू, नव्या लायनरच्या ड्रमइतकीच होती, कदाचित थोडी जास्त. उघडी असल्यामुळे चिखल साचत नाही, नदी-ओढ्यातून गाडी काढली तरी दोन मिनिटांत कोरडी. ड्रममध्ये चिखल शिरला तर तो उघडून धुईपर्यंत करकर ऐकावी लागते. ज्यांची जीप खरोखर रानात जाते, त्यांनी हा मुद्दा हलका समजू नये.

पण तेल गळतच राहिलं. पूर्वी ते निदान ड्रममध्ये साठायचं. आता डिस्क ते भिरकावून खालच्या पत्र्यावर गोल नक्षी काढू लागली. मेस्त्री काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

शेवटी गळतीच्याच मागे लागलो, आणि तीन कारणं निघाली. योकच्या (शाफ्ट ज्याला जोडतात त्या तुकड्याच्या) ज्या भागावर सील बसते, तिथे इतक्या वर्षांत नखाला लागेल एवढी खाच पडली होती. त्यावर कितीही नवी सील लावली तरी ती गळणारच. लेथवाल्याकडून तिथे बारीक स्लीव्ह चढवून घेतली. दुसरं, ट्रान्सफर केसमध्ये तेल गरजेपेक्षा जास्त होतं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल हळूहळू ट्रान्सफरमध्ये उतरतं. म्हणजे एकीकडे कमी आणि दुसरीकडे काठोकाठ. दोन्ही लेव्हल एकत्र बघायच्या असतात, मी एकच बघत होतो. आणि तिसरं, ज्याने मला तीन सीलांचा खर्च करायला लावला: तेल नुसतं सीलमधून येत नव्हतं! ते योकच्या आतल्या दात्यांमधून सरकत मधल्या नटाखालूनही बाहेर पडत होतं. दात्यांना आणि वॉशरखाली सिलिकॉन लावून नट आवळला, आणि पहिल्यांदाच जीपखालचा पुठ्ठा सकाळी कोरडा दिसला.

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. डिस्क बसलेली, तेल बंद. पण आता ते ५.३८.

ड्रमच्या शूंना, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानींना, परत ओढायला स्प्रिंग असते. मूठ सोडली की शू आपोआप मागे येतात. माझ्या किटचा कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग) मात्र पिनांवर सरकणारा, आणि आमच्या पावसाळ्यात पिना जाम होतात. मूठ सोडली तरी पॅड डिस्कला किंचित चिकटून राहतो. चाकावर असं झालं असतं तर महिनाभर कळलंही नसतं. पण ही डिस्क चाकाच्या पाचपटीहून जास्त वेगाने फिरते. किंचित घासणंही तिला पुरतं. पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचलो तेव्हा सीटखालून जळका वास येत होता आणि कॅलिपरवर थुंकलं तर चर्र झालं असतं. पिना काढल्या, घासल्या, ग्रीस भरलं. तीन आठवड्यांनी तेच. त्या पावसाळ्यात मी चार वेळा जीपखाली पाठीवर झोपलो आणि चौथ्यांदा झोपल्या झोपल्याच ठरवलं की ड्रम परत लावायचा. चांगल्या प्रतीचं किट असतं तर कदाचित असं झालं नसतं; ते मला नाकारता येत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हँडब्रेक लावल्यावर गाडी आधी वीतभर मागे सरकते आणि मग धक्का देऊन थांबते. डिस्क लावली की हे जाईल असं सांगतात. जात नाही. तो प्ले, म्हणजे सैलपणा, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यांत) आणि डिफरन्शियलमध्ये (दोन मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीत) असतो, ब्रेकच्या पलीकडे. क्रॉस बदलले तेव्हा माझा अर्धा धक्का गेला, ब्रेकला हातही न लावता. तसंच मागचं एक चाक जॅकवर उचललं की दोन्ही ब्रेक सारखेच निकामी, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक गडगडायला मोकळं होतं. पंक्चर काढताना फोर व्हील टाकून ठेवा, म्हणजे पुढची चाकंही धरली जातात. पुढे फ्री व्हील हब (चाक ॲक्सलपासून मोकळं करणारे) असतील तर ते लॉक करून. आणि तरीही दगड.

ब्रेकच्या पाइपात प्रेशर कोंडणारा लाइन लॉकही काही जण सुचवतात. स्वस्त आहे, दहा मिनिटं थांबायला ठीक. रात्रभर नको, ब्रेकचं तेल थंड झालं की प्रेशर उतरतं आणि सकाळी गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात.

तर ड्रमच ठेवायचा असेल, तर आधी गळती बंद करा आणि मगच लायनर बदला. शू सेट करताना केबल पूर्ण सैल सोडा, शू सेट झाल्यावर केबल ओढून घ्या. उलट केलंत तर शू कायम घासत राहतील, आणि वर सांगितलेला वास तुम्हालाही येईल. चालत्या गाडीत ही मूठ ओढू नका, सगळा झटका क्रॉस आणि ॲक्सलवर जातो.

किटच्या पैशात माझे लायनर चार-पाच वेळा झाले असते. पण तुमची जीप सपाट, चिखलाच्या मुलखात फिरत असेल आणि दर महिन्याला पिना साफ करायची चिकाटी असेल, तर डिस्कचा विचार जरूर करा. माझं किट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. वाईला येऊन घेऊन जा, पैसे नकोत. पिनांना ग्रीस तेवढं नवं भरा.