रीस्टार्टनंतर सावरण्याच्या दृष्टीने एलडीपी आणि आरएसव्हीपी-टीई

महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यातील डेटा सेंटरे ठाण्याशी जोडणाऱ्या एमपीएलएस जाळ्यासाठी (ज्यात राउटर पॅकेटवरील छोटे लेबल पाहून ते पुढे पाठवतात) शेजाऱ्यांना लेबले कळवणारे एलडीपी घ्यावे की मार्ग आखून त्यावर बँडविड्थ राखून ठेवू शकणारे आरएसव्हीपी-टीई, हे बहुधा बँडविड्थ पाहून ठरते. राउटरचे कंट्रोल कार्ड (मार्ग ठरवणारा त्याचा भाग) बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही कसे सावरतात, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवे.

एलडीपीचे सत्र टीसीपी जोडणीवर चालते आणि ते तुटले की शेजारी राउटर त्यावरून मिळालेली लेबले टाकून देतो, त्यामुळे फॉरवर्डिंग (पॅकेटे पुढे पाठवण्याचे काम) शाबूत असूनही वाहतूक खोळंबते. २००३ च्या आरएफसी ३४७८ (इंटरनेटच्या तांत्रिक मानकाचा दस्तऐवज) मधील ग्रेसफुल रीस्टार्टमुळे, म्हणजे वाहतूक न थांबवता पुन्हा सुरू होण्याच्या सोयीमुळे, शेजारी ती लेबले जुनी अशी खूण करून वापरत राहतो, मुदतीत पुन्हा जाहीर झालेली कायम करतो आणि उरलेली पुसतो. मात्र एलडीपी आपला मार्ग जाळ्यातील रस्ते शोधणाऱ्या ओएसपीएफकडून घेत असल्याने तिथेही ग्रेसफुल रीस्टार्ट नसेल, तर वाहतूक आधीच दुसरीकडे वळलेली असते. ही अट आराखड्यांत फार वेळा राहून जाते.

आरएसव्हीपीची माहिती मुळातच मुदतीची असते: साधारण दर ३० सेकंदांनी ती ताजी केली जाते आणि नेहमीच्या मूल्यांनुसार सुमारे १५७ सेकंद काही आले नाही तरच पुसली जाते. इतका वेळ बिघाड लक्षात न येणे परवडत नाही, म्हणून शेजारी चालू आहे का हे वारंवार तपासणारे हेलो संदेश लागतात, आणि हेलो आले की रीस्टार्टही बिघाडच ठरू नये म्हणून त्याची वेगळी तरतूद करणे भाग पडते. ती आरएफसी ३४७३ मध्ये आहे: आधीचा शेजारी पाथ संदेशासोबत (मार्ग उभारण्याचा संदेश) जुने लेबल परत कळवतो. मार्गाच्या आरंभीच्या राउटरला असा आधीचा शेजारीच नसतो. ती उणीव २००७ च्या आरएफसी ५०६३ ने भरून काढली, ज्यात पुढचा शेजारी साठवलेला पाथ मागे पाठवतो. त्यामुळे उपकरण निवडताना केवळ ‘रीस्टार्टची सोय आहे’ या उत्तरावर न थांबता ५०६३ चा आधार आहे का, हे लेखी विचारावे.

रस्ता खोदताना फायबर तुटल्यास यांपैकी कोणताही रीस्टार्ट कामाचा नाही. तिथे आरएसव्हीपी-टीईचे फास्ट रीरूट (वाहतूक आधीच आखलेल्या पर्यायी मार्गावर झटपट वळवणे) उपयोगी पडते, आणि वर्तुळाकार फायबरवर हमीची बँडविड्थ विकायची असेल तर माझी पसंती त्यालाच आहे. एरवी प्रत्येक मार्गाची माहिती स्वतंत्रपणे सावरण्याचा भार टाळून एलडीपी घ्यावे. दोन्हींत बीएफडी (दुवा चालू आहे का हे झटपट तपासणारी यंत्रणा) कंट्रोल कार्डावरच चालत असेल, तर कार्ड बंद पडताच दुवा तुटल्याचे जाहीर होते आणि ग्रेसफुल रीस्टार्टला वावच उरत नाही. म्हणून बीएफडी लाइन कार्डावर (पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या कार्डावर) चालते याची खात्री खरेदीपूर्व चाचणीतच करून घ्यावी.