ब्लॅकपूल की ब्रायटन? शो बघायला म्हणून जायचं असेल तर

इंग्लंडमधली ही दोन समुद्रकाठची गावं. आम्ही राहतो बर्मिंगहॅमजवळ, त्यामुळे ट्रेनचा वैताग दोन्हीकडे सारखाच. ब्लॅकपूलला जाताना प्रेस्टनला गाडी बदला, ब्रायटनला जाताना अख्खं लंडन ओलांडा. लंडनवाल्यांना ब्रायटन तासाभरात, त्यांचं गणित वेगळं आहे, पण तरी वाचा. ब्रायटनला आम्ही तीनदा गेलो, ब्लॅकपूलला चारदा, आणि दर वेळी संध्याकाळचे शो बघायलाच. समुद्राबद्दल काही लिहीत नाही, एकीकडे गोटे आहेत, एकीकडे वाळू, पाण्यात आपण कुठेच उतरत नाही.

आधी कॉमेडी. इथे ब्रायटन पुढे आहे, हे सरळ मान्य करतो. नॉर्थ लेन भागातला कोमेडिया हा क्लब असो की पबच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोल्या, एकाच वीकेंडला चार वेगवेगळ्या तऱ्हेचे कॉमेडियन ऐकायला मिळतात आणि मे महिन्यात गेलात तर फ्रिंज हा कलामहोत्सव चालू असतो, मग तर कुठे जावं तेच कळत नाही. नवीन माणूस, नवीन मटेरियल, अर्धा शो फसला तरी चालतो कारण उरलेला अर्धा तुम्ही आधी कुठेच ऐकलेला नसतो. ब्लॅकपूलला टीव्हीवर गाजलेली मोठी नावं टूरवर येतात, नाहीतर मग जुन्या वळणाचा विनोद, सासू, बायको, डॉक्टर वगैरे. टॉवरसमोर जमिनीत बसवलेलं कॉमेडी कार्पेट आहे ना, 2011 सालचं, हजारावर विनोदवीरांचे जोक आणि तकियाकलाम दगडी अक्षरांत मांडून ठेवलेत, ते आधी फिरून वाचा. त्यातल्या निम्म्यावर हसू आलं तर ब्लॅकपूलची कॉमेडी तुम्हाला पचेल. मला पहिल्या वर्षी पाचेक जोकच कळले होते.

मग ब्रायटनच का नाही? तर आता माझं रडगाणं ऐका.

ब्रायटनच्या एका क्लबमधे (नाव लिहीत नाही, तसं चांगलंच चालवतात) तिकिटावर सीट नंबर नव्हता. आधी येईल तो आधी बसेल. आम्ही जेवून आरामात पोचलो, आपल्याला वाटतं तिकीट आहे म्हणजे खुर्ची आहे. खुर्ची होती, पण पहिल्या रांगेत, स्टेजला गुडघे टेकतील अशी. आता आपल्याकडे नाटकाचा प्लॅन उघडला की बाबा पहिल्या तीन रांगांसाठी सकाळी सातला जाऊन उभे राहायचे, त्यामुळे मी तर आत गेल्यागेल्या खूषच झालो की वा, काय जागा मिळाली. मागे बसलेले सगळे आमच्याकडे असं का बघतायत हे कळायला दहा मिनिटं लागली. माइकवरच्याने नाव विचारलं, नावाचं स्पेलिंग विचारलं, काय काम करतोस विचारलं, मी आयटी म्हटलं आणि जोक व्हायच्या आधीच हॉल हसला. कुठला तू? बर्मिंगहॅम. नाही, म्हणजे मूळचा? परत हशा. तिथून दोन तास आमचं गिऱ्हाईक. कुठलाही विषय निघाला की तो फिरून माझ्याकडे, प्रिंटरचा जोक झाला, माझ्याकडे, पासवर्डचा झाला, माझ्याकडे. मध्यंतरात टॉयलेटला गेलो तर शेजारचा अनोळखी माणूस मला नावाने हाक मारतोय.

माइकवरचा माणूस वाईट नव्हता, खवचट म्हणावा असाही नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोन जोक चांगले होते. बायको तर डोळे पुसून हसत होती. पण मी पैसे देऊन दुसऱ्यांना हसायला गेलो होतो.

पुढच्या खेपेला पाऊण तास आधी जाऊन रांगेत उभे राहिलो, वरून ब्रायटनची ती आडवी पावसाची झड, आत शिरेपर्यंत दहादहाच्या ग्रुपनी मागची टेबलं धरलेली, पुन्हा दुसरी रांग. तिसऱ्या वेळी जेवण अर्धं टाकून पळत गेलो तेव्हा कुठे मागची भिंत मिळाली, आणि तो शो मात्र अप्रतिम झाला. म्हणजे कॉमेडीत खोट नाही, पण प्रत्येक संध्याकाळी आधी जागेची लढाई लढायची. हा माझा अनुभव हं, तुम्हाला पुढे बसायला आवडत असेल तर हा सगळा पॅराग्राफ उलटा वाचा.

ब्लॅकपूलला ग्रँड थिएटर आहे, 1894 चं, फ्रँक मॅचम या आर्किटेक्टने उभं केलेलं, आत गेलात की मान वरच राहते. विंटर गार्डन्समधलं ऑपेरा हाऊस तर जवळपास तीन हजार खुर्च्यांचं. रांग अमुक, खुर्ची तमुक, आणि साडेसात म्हणजे साडेसात. तिसऱ्या घंटेवर वाढलेल्या माणसाला बरं वाटतं. आता एवढ्या मोठ्या हॉलमधे कॉमेडियन लांबून मुंगीएवढा दिसतो, छोट्या क्लबमधली ती जवळीक नाही, हे आहेच. पण मुंगीला मीही दिसत नाही ना.

ड्रॅगचं, म्हणजे पुरुष भडक स्त्रीवेषात करतात त्या शोंचं, जरा सविस्तर सांगतो कारण लोक तिथेच अडखळतात. ब्रायटनला केम्पटाउनमधे, सेंट जेम्सेस स्ट्रीटच्या आसपास, बारमधेच एका कोपऱ्यात स्टेज, रविवारी दुपारी कॅबरे, कुठे बिंगो, तुम्ही आपलं ड्रिंक घेऊन उभे, क्वीन, म्हणजे ड्रॅग करणारा कलाकार, गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत येणार. तिथला प्रेक्षक मुरलेला, विनोद धारदार आणि बराचसा आतल्या गोटातला. ब्लॅकपूलला फनी गर्ल्स हा ड्रॅगचा अड्डा, 1994 मधे सुरू झालेलं, आता डिक्सन रोडवरच्या जुन्या ओडियन सिनेमात, म्हणजे पूर्ण कोरिओग्राफी, पिसं, पायऱ्या, लाइट्स, मधेमधे माइकवर तोंडाचा पट्टा. मित्राच्या आईला घेऊन गेलो होतो, बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली बाई, तिला काही समजवावं लागलं नाही. उलट तिनेच फरक सांगितला, तिकडे पुरुष आहे हे विसरायला लावायचे, इकडे विसरूच देत नाहीत. बरोबर आहे की. या देशात लहान पोरं नाताळात पँटोमधे, म्हणजे मुलांच्या विनोदी नाटकात, पुरुषी आवाजाची आजीबाई बघतच मोठी होतात, त्यामुळे ब्लॅकपूलच्या गर्दीत सत्तरीची जोडपी असतात आणि कुणी कुणाकडे वळून बघत नाही.

आणि हेन पार्ट्या, म्हणजे लग्नाआधी नवरी आणि तिच्या मैत्रिणींचा धुडगूस. गुलाबी सॅश लावलेल्या पंधरा बायका, फुगे, आरडाओरडा. सगळे त्यांना नावं ठेवतात, स्टँडअपच्या वेळी त्या मागे असल्या तर मीही ठेवतो. पण ड्रॅग शोमधे त्या म्हणजे छपरावरची पडणारी वीज झेलणारी तार, सगळा कडकडाट नवरीवर पडतो, मागच्या टेबलावरच्या आयटीवाल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

संगीतात मात्र तुमची आवड ठरवेल. नवे बँड ऐकायचेत तर ब्रायटनच, स्टेशनखालचं ग्रीन डोअर स्टोअर किंवा समुद्राला लागून असलेलं कॉनकॉर्ड 2. पण तिकिटावरचा साडेसात म्हणजे दार उघडायची वेळ, ज्याच्यासाठी आलात तो सव्वानऊला येतो आणि तोवर उभं राहायचं, आमचे गुडघे आता तक्रार करतात. ब्लॅकपूलला नवीन फारसं नाही, ट्रिब्यूट बँड, म्हणजे गाजलेल्या बँडची गाणी हुबेहूब वाजवणारे, मात्र भरपूर, ऑगस्टात विंटर गार्डन्सला रेबेलियन हा पंक फेस्टिव्हल असतो तो अपवाद. माझी आवड तिसरीच, दुपारी टॉवर बॉलरूममधे चहा घेऊन बसायचं, वुरलिट्झर ऑर्गन वाजत असतो आणि ऐंशीच्या घरातली मंडळी फ्लोअरवर हलक्या पावलाने फिरत असतात. हे ब्रायटनला मला कुठे सापडलं नाही.

ब्लॅकपूलच्या बाजूने फार बोललो असेन. स्टेशनपासून समुद्रकाठच्या प्रॉमनाडपर्यंतचे काही रस्ते उदास आहेत, वारा टोपी नेतो, आणि चांगलं व्हेज जेवण शोधावं लागतं, ब्रायटनला ते दर चार पावलांवर आहे. पंचविशीत असता आणि कॉमेडीचं वेड असेल तर ब्रायटनच करा, मीही तेच केलं असतं. पण आईवडील सोबत असतील, किंवा ड्रॅग शो पहिल्यांदाच बघणार असाल, तर आधी ब्लॅकपूल करून बघा, शक्यतो शरद ऋतूत, तेव्हा इल्युमिनेशन्स, म्हणजे समुद्रकाठची रोषणाई, चालू असतात आणि शो सुटल्यावर ट्रामने त्या दिव्यांखालून फिरता येतं.

आम्ही ऑक्टोबरात परत जातोय. ग्रँडची तिकिटं काढली, सर्कलमधली म्हणजे बाल्कनीतली, कडेची. फनी गर्ल्सचं बुकिंग बायकोने केलं, आणि तिने स्टेजजवळचं टेबल मागून घेतलंय हे मला काल कळलं.