डुकाटी स्पोर्ट १००० : एका हंगामाच्या वापरानंतर, आणि मुख्यतः टाकीविषयी

या इटालियन मोटरसायकलचे ९९२ घनसेंटिमीटरचे इंजिन, तिचा देखणेपणा आणि जुन्या बाजारात चढत गेलेली तिची किंमत हे सारे वाचकांना ठाऊक आहे असे धरून मी थेट पेट्रोलच्या टाकीकडे येतो. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत जर्मनीतल्या श्टुटगार्ट आणि आसपासच्या डोंगररस्त्यांवर ही गाडी चालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे, की स्पोर्ट १००० सांभाळणे म्हणजे बहुतांशी तिची टाकी सांभाळणे होय. बाकीची देखभाल ज्याच्याकडे थोडा संयम आणि बरी हत्यारे आहेत त्याला जमण्यासारखी आहे.

माझी गाडी २००६ ची, एका आसनाची आणि पिवळ्या रंगाची आहे. आधीच्या मालकाने ती चालवली कमी आणि उभी जास्त ठेवली होती. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारे पट्टे, बदलून व्हॉल्व्हची तपासणी करून घ्यावी म्हणून मे महिन्यात मी ती एका गॅरेजमध्ये दिली. काम झाले, परंतु कामासाठी उतरवलेली टाकी परत बसेना, कारण ती फ्रेमच्या मानाने लांब झाली होती. अशा वेळी मालकाला फोन करून विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. त्याऐवजी तिथल्या कारागिरांनी टाकी पुढच्या रबरी आधारावर जोर लावून दाबली, मागचा बोल्ट तसाच सोडून दिला, आणि वर ‘टाकी जुळवणे’ या नावाखाली मजुरीही लावली. घरी येताना पहिल्याच सिग्नलला पेट्रोलचा वास आला, म्हणून गाडी कडेला घेऊन पाहिले तर इंधनाची नळी टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये चेपली गेली होती. गरम इंजिनाच्या वर चेपलेली इंधननळी ठेवून गाडी ग्राहकाच्या हवाली करणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की जुन्या गाड्यांचे असेच असते, आणि हवे असेल तर बोल्टचे भोक कानसून लांब करून देऊ. मी त्याला नकार दिला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर बिलातल्या त्या ओळीची मजुरी परत मिळाली. नळीचे पैसे मात्र मलाच भरावे लागले.

टाकी का वाढते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही ठरवता येत नाही. ही टाकी पत्र्याची नाही. ती पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन वर्गातल्या प्लास्टिकची आहे. नुसत्या पेट्रोलचा या प्लास्टिकवर फारसा परिणाम होत नाही, परंतु इथेनॉल आणि पाणी यांचे रेणू नायलॉनच्या साखळ्यांमध्ये शिरतात, तिथे धरून बसतात आणि साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात. त्यामुळे प्लास्टिक फुगते आणि थोडे मऊही पडते. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते, म्हणून असे पेट्रोल टाकीत ठेवून महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. पिएर टेरब्लांश यांनी रेखलेले स्पोर्टक्लासिक मालिकेचे (स्पोर्ट १००० ही तिच्यातलीच) नमुने टोकियोच्या प्रदर्शनात २००३ मध्ये मांडले गेले, आणि जर्मनीत ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल आले ते २०११ मध्ये. जे इंधन पुढे सर्वत्र येणार होते त्याच्याशी या टाकीचे जमले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी लिटरमागे काही सेंट वाचतात म्हणून वर्षानुवर्षे ई-१० भरले आणि तेच आत ठेवून हिवाळे काढले, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. काटकसर मलाही प्रिय आहे, पण ही काटकसर नव्हे.

ज्या गाडीच्या आठवणीवर ही मालिका उभी आहे, तिची टाकीही पत्र्याची नव्हती. इटलीत इमोला येथे २३ एप्रिल १९७२ रोजी झालेल्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, ते डुकाटीचे अभियंता फाबिओ ताल्योनी यांच्या डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बंद होणाऱ्या) इंजिनाच्या ७५० डुकाटीवर. त्या गाड्यांच्या फायबरग्लासच्या टाकीवर रंग न दिलेली एक उभी पट्टी ठेवलेली होती, म्हणजे आतले पेट्रोल कुठवर आहे हे बाहेरून नजरेनेच कळावे. १९७४ च्या ७५० सुपर स्पोर्टमध्येही ती तशीच आली. आज त्या जुन्या फायबरग्लासच्या टाक्यांनाही इथेनॉल त्रास देते, कारण त्यातले रेझिन हळूहळू विरघळते आणि त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. त्या मानाने नायलॉन बरे. ते फुगते, पण इंजिनात जात नाही.

पुढचा परिच्छेद जुलैमध्ये लिहिलेला आहे आणि तो तसाच ठेवतो.

या गाडीला ॲल्युमिनियमची टाकी घेण्याला पर्याय नाही. हाताने ठोकून टाकी बनवणारे कारागीर इटलीत आणि इंग्लंडमध्ये आहेत. अशा टाकीची किंमत माझ्या एका महिन्याच्या घरभाड्यापेक्षा जास्त होते, त्यावर रंगाचा खर्च वेगळा, आणि जर्मनीत टाकी बदलली की वाहतूक परवाना नियमांच्या कलम २१ प्रमाणे तपासणी अभियंत्याकडून स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते, तिचे शुल्क वेगळे. तरीही मूळ टाकी पुन्हा फ्रेमवर बसणार नसेल, तर हा खर्च आज ना उद्या करावाच लागेल.

ऑक्टोबरमध्ये माझे मत बदलले आहे, आणि ते हँडलमुळे बदलले.

या गाडीचे मूळ क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर वेगवेगळे आवळलेले, हँडल फार खाली आहेत. शहरातल्या सिग्नलांमधून अर्धा तास गेले की सगळा भार मनगटांवर येतो. २००७ च्या दोन आसनांच्या आवृत्तीत ते थोडे वर आले, यावरूनच मूळ उंची किती खाली होती ते कळावे. मी प्रमाणपत्र असलेले उंच क्लिप-ऑन बसवले. जर्मनीत गाडीत असा बदल केला की त्या भागाचा तांत्रिक अहवाल घेऊन तपासणी केंद्रात जावे लागते, आणि तसे केले नाही तर कलम १९ प्रमाणे गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच संपते. या पद्धतीला इथले अनेक मोटरसायकलस्वार वैतागतात. मला ती मनापासून पटते, कारण तिच्यामुळे कोणी तरी जाणकार माणूस आपले काम डोळ्यांखालून घालतो. तपासणी करणाऱ्या अभियंत्याने हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले आणि मूठ व टाकी यांच्यामध्ये बोटांना पुरेशी जागा नाही म्हणून नोंद नाकारली. हँडलांमध्ये दोष नव्हता. टाकी पुढे सरकली होती आणि रुंदही झाली होती.

तेव्हा मी टाकी पूर्ण रिकामी केली, खालून इंधनपंपाचा संच काढला, झाकण उघडे ठेवले आणि ती घराच्या तळघरात, जिथे गरम पाण्याचे पाइप जातात त्या कोरड्या खोलीत ठेवली. वर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून त्यांच्यातले अंतर मी आठवड्याला एकदा व्हर्नियरने मोजत गेलो. उन्हाळ्याचा सर्वांत चांगला काळ गाडीविना गेला, पण वासरू घरी परतावे तशी टाकी हळूहळू आपल्या मापावर आली. प्लास्टिकमध्ये शिरलेले इथेनॉल जसे बाहेर उडून जाते तसे ते आकसते. पूर्वीइतके अगदी तंतोतंत नाही, परंतु मागचा बोल्ट हाताने फिरवून बसेल इतके निश्चित. पंप जिथे बसतो ती कडही पुन्हा सपाट झाली, आणि नव्या रबरी सीलनंतर तिथून एक थेंबही आलेला नाही. हँडलांची नोंद दुसऱ्या वेळी कोणताही आक्षेप न येता झाली. ॲल्युमिनियमच्या टाकीसाठी बाजूला ठेवलेले पैसे अजून बँकेत आहेत आणि ते तिथेच राहतील.

टाकीला आतून इपॉक्सीचा लेप देण्याचा मार्गही पुष्कळजण सांगतात. लेप टिकतो तो टाकी पूर्ण कोरडी असेल तरच. फुगलेल्या नायलॉनवर लावलेला लेप, टाकी नंतर आकसली की सुटतो आणि त्याचे तुकडे थेट पंपाच्या गाळणीत जातात. माझी टाकी कोरडी झाली होती, तरी मी लेप लावला नाही. ज्या पेट्रोलपंपावर कमीत कमी इथेनॉल असलेले, म्हणजे ई-५ गटातले ९८ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते तिथेच मी भरतो, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून उघडी ठेवतो. या महागड्या पेट्रोलचा वर्षभराचा जादा खर्च नव्या टाकीच्या किमतीपुढे नगण्य आहे. १५ लिटरच्या टाकीला किती लागणार?

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मी सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या गावातला. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांना आणि त्यांच्यामार्फत शेतकऱ्याला पैसा मिळतो हे मी घरात पाहिले आहे, त्यामुळे इथेनॉलला मी शत्रू मानत नाही. परंतु आपल्याकडे आता पंपावर सर्रास ई-२० असते, आणि ज्यांच्याकडे नायलॉनच्या टाकीची आयात केलेली जुनी इटालियन गाडी आहे त्यांना माझ्यासारखा ई-५ चा पर्याय नाही. त्यांनी गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करण्याची सवय लावावी, आणि गाडी ठेवायचीच असेल तर त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचा खर्च खरोखरच योग्य ठरेल.

बाकीच्या देखभालीविषयी थोडक्यात. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत, पण डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह स्प्रिंगऐवजी दुसऱ्या रॉकरने, म्हणजे डुलत्या दांडीने, बंद होतो, म्हणून उघडण्याचे आणि बंद होण्याचे मिळून आठ ठिकाणचे अंतर तपासावे लागते. हे काम अवघड म्हणून बदनाम आहे. प्रत्यक्षात फीलर गेज, मायक्रोमीटर आणि एक मोकळा शनिवार एवढे पुरते. माझ्या इंजिनात बंद करण्याच्या बाजूची एकच शिम, म्हणजे हे अंतर जुळवणारा छोटा तुकडा, बदलावी लागली. गॅरेजशी झालेल्या त्या वादानंतर हे काम मी स्वतःच करायचे ठरवले, आणि पुढचे बेल्टही मीच बदलणार आहे. बेल्टचा ताण त्याला टिचकी मारून, निघणाऱ्या आवाजाची वारंवारता मोबाइलवर मोजून पाहता येतो. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट लांबणीवर टाकू नयेत. ते किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारे होतात, आणि तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

कोरड्या, म्हणजे ऑइलमध्ये न बुडलेल्या, क्लचचा खडखडाट मला आवडतो. लिव्हर दाबल्यावर तो वाढतो, सिग्नलला शेजारचे लोक वळून पाहतात, आणि त्यात बिघाड काही नसतो. मात्र त्यासाठी उघडे झाकण बसवणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण पावसाळी रस्त्यावरची वाळू थेट प्लेटांवर जाते. तारांच्या चाकांत ट्यूब आहे, त्यामुळे पंक्चर रस्त्यावर काढता येत नाही हे मान्य करून मदतसेवेचे सदस्यत्व घ्यावे. पुढच्या मार्झोकी फोर्कला कुठलेच समायोजन नाही. माझ्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि नवे ऑइल टाकल्यावर श्टुटगार्टजवळच्या श्वेबिश आल्ब डोंगररांगेतल्या फुटक्या घाटरस्त्यांवर गाडीचे पुढचे चाक आता उसळत नाही, आणि खर्चाच्या मानाने हा मी केलेला सर्वांत लाभदायक बदल आहे. सायलेन्सर मात्र मूळचेच ठेवले. दोन्ही उजव्या बाजूला एकावर एक, आणि डाव्या बाजूला एकुलता शॉक अब्सॉर्बर मोकळा दिसतो. या एका आसनाच्या आवृत्तीचे सगळे सौंदर्य त्या असमतोलात आहे, आणि आवाजासाठी ते मोडावे असे मला वाटत नाही.

कोणी ही गाडी घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने रंग, सायलेन्सर आणि किलोमीटर नंतर पाहावेत. आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ आणि टाकी यांच्यातली जागा पाहावी, टाकीखाली हात घालून पंपाची कड ओलसर आहे का हे चाचपावे, आणि विक्रेत्याला आपल्यासमोर टाकीचा मागचा बोल्ट सोडून पुन्हा बसवायला सांगावे. बोल्ट हाताने बसला तर किंमत बोलावी. फुगलेली टाकी निघाली तरी ती वाळवून ठीक होण्याची शक्यता धरून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत, आणि विक्रेता टाकीला हात लावू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.