प्रेपली: निवृत्तीनंतर परदेशात आठवड्याला सहा तास काम हवं असेल तर

प्रेपली या ऑनलाइन भाषा-शिकवणीच्या संकेतस्थळावर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास, म्हणजे चाचणी-तास, शिक्षकाला फुकट घ्यावा लागतो. विद्यार्थी पैसे भरतो, पण चाचणी-तासाची सगळी रक्कम कंपनी ठेवते. लवकर निवृत्ती घेऊन परदेशी गेलेल्या आणि तिथली भाषा येत नसल्याने आसपास अर्धवेळ काम न मिळणाऱ्या माणसाला ऑनलाइन भाषा शिकवणं हा सोयीचा मार्ग वाटतो. तो सोयीचा आहेही, पण प्रेपलीचा हिशेब जास्त तास घेणाऱ्यांना धार्जिणा आहे.

कमिशन असं: पहिल्या 20 तासांपर्यंत 33 टक्के, 50 पर्यंत 28, 200 पर्यंत 25, 400 पर्यंत 22, आणि त्यापुढे 18 टक्के. आठवड्याला सहाच तास शिकवायचे ठरवले तर 18 टक्क्यांची पायरी गाठायला सव्वा वर्षाहून जास्त लागतं. दर तासाला 15 डॉलर धरा. पहिल्या पायरीवर हातात 10.05 पडतात, शेवटच्या पायरीवर 12.30. सुरुवातीच्या 20 तासांचे 201 डॉलर होतात. तेवढे तास मिळवण्यासाठी पाच चाचणी-तास झाले असतील, तर प्रत्यक्ष 25 तास बसून तासाला आठ डॉलरच सुटले. म्हणून नव्या विद्यार्थ्यांच्या मागे धावण्यापेक्षा दोन-तीन विद्यार्थी वर्षभर टिकवणं जास्त फायद्याचं.

त्या मानाने आयटॉकी हे तसंच दुसरं संकेतस्थळ सरळ आहे: पहिल्या दिवसापासून 15 टक्के, म्हणजे 15 पैकी 12.75 तुमचे. चाचणी-तास अर्ध्या तासाचा असतो आणि त्याची किंमत शिक्षक ठरवतो. अध्यापनाचं प्रमाणपत्र नसलं तरी ‘कम्युनिटी ट्यूटर’ म्हणून नोंदणी होते. अडचण प्रवेशाची. काही भाषांसाठी अर्ज मधूनच बंद करतात आणि ते उघडण्याची वाट बघत बसावं लागतं. नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर कँबली आहे. पदवी मागत नाहीत, दर मिनिटाला 17 सेंट, म्हणजे तासाला 10.20. पण पैसे बहुतेक वेळा फक्त कॉल चालू असलेल्या मिनिटांचे. रिकामं बसून राहिलात तर तो वेळ वाया.

आता प्रेपलीचं प्रोफाइल. ओळखीचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतचा आणि आडवा हवा. त्यात आडनाव, फोन नंबर किंवा दर आला की तो परत येतो. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसा, खोली रिकामी असेल तर पडदा किंवा गादी ठेवा म्हणजे आवाज घुमणार नाही. ‘इंग्रजी शिकवतो’ एवढंच लिहिणाऱ्यांची तिथे तोबा गर्दी आहे, शिवाय विद्यार्थी मातृभाषिकांचा फिल्टर लावून आपल्याला सहज गाळू शकतात. आधीची पंचवीस वर्षांची नोकरी इथे कामाला येते. ‘हिशेब तपासनिसांसाठी मीटिंगचं इंग्रजी’ असं नेमकं लिहिलेलं प्रोफाइल वेगळं उठून दिसतं. मराठी शिकवायची इच्छा असेल तर तीही नोंदवा. मागणी थोडी, पण स्पर्धाही थोडीच.

दर मात्र अगदी तळाला लावू नका. पुढे दर वाढवला तरी तो नव्या विद्यार्थ्यांना लागू होतो, जुन्यांचा दर वेगळा बदलला नाही तर ते जुन्याच दराने येत राहतात.

नेमका गोंधळ होतो तो घड्याळाचा. देश बदलल्यावर खात्यातला टाइम झोन आधी बदला. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडचे विद्यार्थी असतील तर मार्चमध्ये खास लक्ष ठेवा: अमेरिकेत घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे ठरलेला तास कोणाच्या तरी दृष्टीने एक तास इकडेतिकडे सरकलेला असतो. न सांगता चुकलेला तास रेटिंगवर दिसतो, आणि सुरुवातीला पाचच अभिप्राय असताना एक वाईट शेरा फार महागात पडतो.

पैसे पेपॅल, वाइज किंवा पेओनियर अशा पैसे पाठवणाऱ्या सेवांवर काढता येतात. तुम्ही आता राहता त्या देशातलं खातं यापैकी कशाला जोडता येतं, हे पहिला तास घेण्याआधीच बघा.

आणि हे सगळं करण्याआधी व्हिसा. स्पेनच्या ‘नॉन-लुक्रेटिव्ह’ (कमाई न करता राहण्याच्या) व्हिसावर काम करता येत नाही, थायलंडच्या निवृत्ती व्हिसावर नोकरीला बंदी आहे. ‘लॅपटॉपवरचं काम कोण बघतंय’ या भरवशावर राहू नका. प्रेपलीकडून खात्यात जमा होणारी रक्कम व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी बँकेच्या उताऱ्यात दिसू शकते. शिवाय अनेक देशांत वर्षाला 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलं की तिथले करदाते ठरता, मग ही किरकोळ कमाईही विवरणपत्रात दाखवावी लागते.

आठवड्याला सहा तासच हवे असतील तर आधी आयटॉकीवर अर्ज टाका. तो बंद असेल तर प्रेपली घ्या, पण पहिले दोन महिने कमाई धरू नका.