गडद कपड्यांसाठी ईझी: इंदूरच्या पाण्यात कसं चालतं?

गोदरेजचं ईझी हे लिक्विड डिटर्जंट विकलं जातं लोकरीसाठी, त्यामुळे थंडी सरली की ते स्वेटरांसोबत पेटीत जातं. खरं तर काळे कुर्ते, नेव्ही ब्लू पँटी, जीन्स यांच्यासाठी ते बारा महिने हाताशी असावं. कारण एकच: यात सोडा नाही.

नेहमीच्या पावडरीतला सोडा मळ काढतो, पण धाग्यावर सैल बसलेला रंगही सोडवतो. वर बोरिंगचं पाणी असेल तर त्यातल्या क्षारांशी सोड्याचं जमून खडूसारखी भुकटी तयार होते आणि कापडात बसते. काळ्या टी-शर्टवरची राखी झाक बऱ्याचदा हीच असते. रंग गेलेला नसतोच. पावडरीत पांढऱ्या कपड्यांना चमक देणारं रसायन (ऑप्टिकल ब्राइटनर) असेल तर ते काळ्यावर निळसर छटा आणतं, ते वेगळंच. ईझीने भुकटीची भानगड टळते, पण पाणी जड ते जडच. म्हणून धुवायला बोरिंगचं चालेल, शेवटचं खंगाळणं मात्र नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात करा. एक दिवसाआड येणाऱ्या नळाचं बादलीभर पाणी त्यासाठी राखून ठेवायला हरकत नाही.

प्रमाण: 10 लिटर साध्या पाण्यात 20 मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. आधी पाण्यात नीट ढवळा, मग कपडे उलटे करून बुडवा. 10 ते 15 मिनिटं पुरे. रात्रभर भिजवलं तर सुटलेला रंग पाण्यात फिरत राहतो आणि शेजारच्या कपड्यावर चढतो. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असं नाही. जादा घातलेलं लिक्विड निघत नाही आणि वाळल्यावर डाग दिसतात. फ्रंट लोड मशीनमध्ये तर निम्म्यावर या.

घासणं मात्र ईझीच्या हातात नाही. गुडघे, शिवणी, कॉलरची घडी आधी पांढरी पडते ती ब्रशने: धाग्याचे तंतू तुटून उभे राहतात आणि कापड फिकं दिसतं. मशीन गच्च भरली तरी तेच होतं. चेन लावा, डेलिकेट मोड ठेवा, वाळत सावलीत घाला.

उणीव तेलकट डागांची. पोह्यांवरची शेव सांडलेला शर्ट किंवा मळकी कॉलर नुसत्या बुडवण्याने निघत नाही. तिथे दोन थेंब थेट लावून बोटाने चोळावं लागतं. पावडरीपेक्षा महागही पडतं, त्यामुळे चादरी-टॉवेलांवर उधळू नये.

नव्या कपड्याला मीठ लावायचा सल्ला घरोघरी मिळतो. मिठाचं काम रंगाच्या कढईत; एकदा रंगून आलेल्या सुती कापडाचा रंग ते पक्का करत नाही. नवा गडद कपडा पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धुवा, बस्स. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घातलं तर बसलेले क्षार सुटतात, तेवढा उपाय खरा. मात्र धारकडच्या बाग गावच्या ठशांच्या छपाईला, म्हणजे बाग प्रिंटला, तो करू नका. त्या छपाईतला काळा लोहाचा, हिराकस आणि चिंचोक्याच्या खळीचा असतो, आणि लोहाच्या काळ्याला आंबट सोसत नाही. बागची ओढणी नुसत्या ईझीत, तीही 5 मिनिटंच.